धान घरी आल्यावर नागपूरची सहल : तिची आखणी कशी करावी

कोणत्या बांधीत कोणते धान घालावे, पऱ्हे कोठे टाकावे, रोवणीस माणसे किती लागतील, याचा विचार आमच्या भागातील शेतकरी मृग लागण्याच्या महिनाभर आधी करतो. घरात लग्नकार्य असले तर वर्षभर आधी करतो. परंतु एखादे मोठे शहर पाहावयास जाण्याची गोष्ट निघाली म्हणजे तोच शेतकरी "सवड झाली की जाऊ" एवढे बोलून विषय संपवितो. आता सवड ही वस्तू शेतकऱ्याच्या घरी आपण होऊन कधी चालत आल्याचे आमच्या पाहण्यात नाही. धान निघाले की लाखोरी व हरभरा आला, तो निघतो न निघतो तोच उन्हाळी धानाची रोवणी आली, आणि ती सरली की लग्नसराई. सबब सवड ही मिळत नसून ती नेमावी लागते, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. ती नेमली असता दिघोरीसारख्या गावच्या कुटुंबाने नागपूर शहराची दोन रात्रींची सहल कशी आखावी, याचा विचार या लेखात केला आहे.

दिघोरीचे लोक नागपुरास जात नाहीत असे मुळीच नाही. उलट पुष्कळ जातात. कोणी आजाऱ्यास घेऊन दवाखान्यात जातो, कोणी उच्च न्यायालयात तारखेस जातो, कोणी पंपाचा सुटा भाग आणावयास, तर कोणी मुलास परीक्षेस पोहोचवावयास जातो. हे सर्व जाणे गरजेचे आहे व ते कोणास चुकले नाही. पण त्यात शहर दिसत नाही. आमच्या शेजारच्या एका वृद्ध शेतकरीण बाईंस आम्ही सहज विचारले, "काय आजी, नागपूर पाहिले की नाही?" त्या म्हणाल्या, "पायलं ना बापू. चार दिस दवाखान्याच्या खिडकीतून पायलं. एक लिमाचा झाड, एक पान्याची टाकी, अना खाली मोटारी." ज्या शहराशी आपल्या जिल्ह्याचा दोन शतकांहून अधिक काळ संबंध, त्याचे एवढेच चित्र मनात घेऊन एक पिढी निघून जावी, ही गोष्ट आम्हांस बरी वाटत नाही. याच कारणाने सहलीची आखणी हा विषय शेतीच्या मासिकात अप्रस्तुत आहे, असे आम्ही मानीत नाही.

नागपूरच का

मुंबई मोठी, पुणे मोठे, हे खरे. परंतु पहिली सहल नागपूरची असावी असे आमचे मत आहे, आणि ते केवळ जवळपणामुळे नव्हे. भंडारा जिल्हा भोसल्यांच्या राज्यात होता. ते राज्य १८५४ साली इंग्रजांनी खालसा केले, १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला व नागपूर त्याची राजधानी ठरले. पुढे १९५६ पर्यंत राजधानीचा मान नागपुराकडेच राहिला. आमच्या वाडवडिलांच्या जमिनीचा सारा, मालगुजाऱ्या, तलावांचे हक्क, यांविषयीचे हुकूम याच शहरातून निघत. मालगुजारी नष्ट करणारा १९५० चा कायदाही येथील विधिमंडळाने केला व १९५१ साली तो अमलात आला. म्हणजे ज्या सात-बाऱ्यावर आज आपले नाव आहे, त्या नावाचा जुना धागा नागपुरास जाऊन पोहोचतो. अशा शहरात पाहुण्यासारखे बिचकत जाण्याचे कारण नाही. आपल्याच जुन्या घराचा पुढचा वाडा पाहावा, त्या भावनेने जावे.

काळ कोणता धरावा

या कामी काळाची निवड ही निम्मी आखणी होय. दसऱ्याच्या सुमारास धान पोटरीत वा लोंबीत असते, त्यामुळे घर सोडवत नाही. शिवाय त्या दिवसांत दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी लाखो माणसे येतात. श्रद्धेने जाणाऱ्यांनी तेव्हाच जावे. परंतु शहर निवांतपणे पाहू इच्छिणाऱ्यांस ते दिवस सोयीचे नाहीत. दिवाळीनंतर कापणी, पुंजणे, चुरणी व गावोगावच्या मंडया. डिसेंबर महिन्यात नागपुरास विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरत असते. १९५३ च्या नागपूर कराराने ही प्रथा घालून दिली आहे. त्या दिवसांत उतरण्याच्या जागा भरलेल्या व कित्येक रस्ते बंद असतात. फेब्रुवारीनंतर ऊन चढू लागते, आणि नागपूरचा वैशाख म्हाताऱ्या माणसांस व लेकरांस दाखवू नये.

येणेप्रमाणे एकेक महिना वगळीत गेले असता मकरसंक्रांतीपासून जानेवारी अखेरपर्यंतचा पंधरवडा तेवढा उरतो. धान घरात आलेले असते, थंडी सोसवण्याजोगी होते, आणि पौषाचे दिवस बहुधा याच सुमारास येत असल्यामुळे लग्नतिथींची ओढ नसते. ज्यांस उन्हाळी धान करावयाचे आहे त्यांनी रोवणीच्या आधीचे दिवस पाहावेत.

याच पंधरवड्यात आणखी एक लाभ आहे. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे तो एरवी पाहावयास मिळत नाही. २६ जानेवारी, १ मे व १५ ऑगस्ट या तीन दिवशी तो लोकांस खुला करण्याची प्रथा आहे. यांपैकी १ मे हा कडक उन्हाचा दिवस, १५ ऑगस्ट हा शेतीच्या हंगामाचा व पावसाचा. म्हणून शेतकऱ्यास साधेल असा दिवस २६ जानेवारी हाच एक. मात्र त्या दिवशी सरकारी संग्रहालय बंद राहील असे धरून चालावे व ते आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी पाहावे. तसेच संग्रहालय सोमवारी बंद असते, म्हणून सहलीचे दिवस ठरविण्यापूर्वी दिनदर्शिकेत वार पाहून घ्यावा. किल्ला त्या वर्षी उघडणार की नाही, याची सूचना काही दिवस आधी वृत्तपत्रांत पाहावी.

माणसे व घरची व्यवस्था

शेतकऱ्याची सहल अडते ती पैशावाचून जितकी, त्याहून अधिक गोठ्यावाचून. दुभती म्हैस, बैलजोडी व वासरे सोडून जावे तरी कसे, हा प्रश्न रास्त आहे. त्यास उपाय आपल्या चालीरीतीतच आहे. रोवणीच्या व चुरणीच्या वेळी आपण एकमेकांच्या शेतावर सावडीने राबतो. तीच सावड सहलीस लावावी. दहा घरे मिळून दोन तुकड्या कराव्यात. पहिली तुकडी गेली असता दुसरीने तिची जनावरे, घरे व उघड्यावरील धान सांभाळावे, आणि पुढील आठवड्यात उलट करावे. यात कोणाचे कोणावर उपकार होत नाहीत, आणि म्हणून संकोचही राहत नाही.

तुकडी आठ-दहा माणसांहून मोठी नसावी. मोठा घोळका शहरात तुटतो, रस्ता ओलांडताना मागे-पुढे होतो, व अर्धा दिवस माणसे मोजण्यातच जातो. तुकडीत कोणास घ्यावे याविषयी आमचा आग्रह असा की, प्रथम घरातील वृद्धांस व स्त्रियांस घ्यावे, मग मुलांस, आणि जागा उरल्यास कर्त्या पुरुषांनी जावे. कर्ता पुरुष कामानिमित्त वर्षातून दोनदा तरी नागपुरास जातोच. ज्या माउलीने चाळीस वर्षे चिखलात उभे राहून रोवणी केली, तिचे गुडघे आणखी दोन वर्षांनी जिने चढतीलच याची खात्री कोणी द्यावी? तरुणास पुढचे साल आहे. वृद्धांचे तसे नाही. यादी करताना हे एवढे एकच तत्त्व पाळले तरी पुष्कळ झाले.

प्रत्येक वृद्ध माणसास एक तरुण सोबती नेमून द्यावा व तो सहलभर बदलू नये. वृद्धांच्या व मुलांच्या खिशात नाव, गाव, तालुका व दोन भ्रमणध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. भ्रमणध्वनीची विद्युत संपते, कागदाची संपत नाही.

वाट

दिघोरीहून दोन वाटा आहेत. पहिली साकोलीस जाऊन राष्ट्रीय महामार्गाने लाखनी, भंडारा व मौदा यांवरून नागपुरास पोहोचते. दुसरी लाखांदूर, पवनी, भिवापूर व उमरेड यांवरून जाते. पहिलीने वैनगंगा भंडाऱ्याजवळ कारध्यास ओलांडावी लागते, दुसरीने पवनीजवळ. जाताना एक व येताना दुसरी अशी योजना केली तर एकाच खर्चात जिल्ह्याचे दोन्ही भाग पाहून होतात. रेल्वेने जावयाचे झाल्यास वरठी येथील भंडारा रोड स्थानकावर गाडी धरता येते. १८८० नंतरच्या दशकात नागपूर-छत्तीसगड रेल्वे झाली तेव्हापासूनची ही वाट आहे. परंतु दिघोरीकरास भंडाऱ्यापर्यंत बस धरावीच लागत असल्याने, सामानसुमान व वृद्ध माणसे घेऊन दोनदा चढउतार करण्यापेक्षा एस.टी. सोयीची, असे आम्हांस वाटते.

येथे एक सूचना दिघोरीकरांस मुद्दाम द्यावयाची आहे. उमरेड मार्गाने नागपुरात शिरताना दिघोरी याच नावाची मोठी वस्ती लागते व तेथील नाकाही त्याच नावाने ओळखला जातो. शहरात वाट चुकलेल्या माणसाने "मला दिघोरीस जावयाचे आहे" असे सांगितले, तर लोक त्यास भल्या मनाने त्या दिघोरीस नेऊन पोहोचवितील. म्हणून वृद्धांस व मुलांस "लाखांदूर तालुक्यातील दिघोरी, भंडारा जिल्हा" असे पूर्ण सांगण्याची सवय घरूनच लावावी, व उतरण्याच्या जागेचे नाव पाठ करून घ्यावे.

खर्चाचे अंदाजपत्रक

महसूल कचेरीत आयुष्य गेल्यामुळे आम्हांस खाती पाडल्याविना चैन पडत नाही. सहलीचा खर्च पाच खात्यांत लिहावा : गावापासून शहरापर्यंतचा प्रवास, निवास, भोजन, शहरातील फिरणे व प्रवेशशुल्क, आणि संकटासाठी राखीव. पहिल्या चार खात्यांची बेरीज करून तिचा चौथा हिस्सा पाचव्यात ठेवावा. ती रक्कम वेगळ्या पिशवीत, तुकडीतील सर्वांत शांत माणसाजवळ द्यावी. घरी परत येताना ती जशीच्या तशी आली तर सहल उत्तम पार पडली असे समजावे.

प्रवासाचे खाते आज पूर्वीपेक्षा हलके झाले आहे. राज्य परिवहनाच्या बसमध्ये ७५ वर्षांवरील नागरिकांस ऑगस्ट २०२२ पासून विनामूल्य प्रवास, आणि स्त्रियांस मार्च २०२३ पासून अर्धे भाडे, अशा सवलती सरकारने लागू केल्या. ६५ ते ७५ वयाच्या वृद्धांस व ५ ते १२ वर्षांच्या मुलांसही अर्धे भाडे पडते. वृद्ध व स्त्रिया यांस आधी न्यावे असे आम्ही वर म्हटले, ते याप्रमाणे हिशेबातही बसते. मात्र वयाच्या पुराव्याकरिता आधारपत्र सोबत पाहिजे. रेल्वेतील ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये थांबविण्यात आली, हेही हिशेबात धरावे.

पैसा उभारावा कसा? धानाचे चुकारे आल्यावर पाहू, असे म्हणू नये. खरेदी केंद्रावर धान दिले म्हणजे पैसा कधी हाती येईल हे आपल्या हातात नसते, आणि तो आला की त्यावर आधीच दहा जणांची नजर असते. त्यापेक्षा पावसाळ्याच्या आरंभापासून स्त्रियांच्या बचत गटात किंवा घरच्या डब्यात दरमहा ठरावीक रक्कम सहलीच्या नावाने टाकीत जावे. सात महिन्यांत जे साठेल तेवढ्यातच सहल बसवावी. एक रात्र कमी करावी लागली तरी चालेल. पण सहलीसाठी कर्ज काढणे हे बियाणे विकून जत्रा करण्यासारखे आहे.

काय पाहावे

पहिल्या दिवशी सकाळच्या बसने निघून दुपारपर्यंत गणेशपेठेच्या बसस्थानकावर उतरावे. उतरण्याची जागा बसस्थानक, रेल्वे स्थानक किंवा सीताबर्डी यांच्या आसपास, दोन दिवस आधी ठरवून ठेवलेली असावी. नातलगाकडे उतरावयाचे असल्यास दहा माणसांनी एकाच घरी जाऊ नये. जेवण झाले की तासभर विसावा घ्यावा. अर्ध्या दिवसात एकच मुख्य स्थळ, हा नियम आरंभापासून पाळावा. दोन दिवसांत बारा ठिकाणे पाहिलेल्या माणसास परत आल्यावर एकही नीट आठवत नाही.

पहिल्या दुपारी शून्य मैलाचा दगड व त्याच्या जवळच असलेले मध्यवर्ती संग्रहालय पाहावे. शून्य मैलाचा स्तंभ १९०७ साली उभारलेला असून त्याच्याजवळ चार दगडी घोडे आहेत. हा हिंदुस्थानचा मध्यबिंदू, असे लोक सांगतात. जमीन मोजणीशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांनी मात्र त्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहावे. साऱ्या देशाच्या मोठ्या त्रिकोणमितीय मोजणीचे, समुद्रसपाटीपासून उंची दाखविणारे हे प्रमाणचिन्ह आहे. १,०२० फुटांहून किंचित अधिक अशी त्याची उंची नोंदलेली आहे. ही मोजणी विल्यम लॅम्बटन या अधिकाऱ्याने १८०२ साली मद्रासेकडे सुरू केली. नागपूरच्या वाटेवर असता १८२३ साली वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्याचा अंत झाला. आपल्या शिवारातील धुऱ्याचा दगड सरकला म्हणजे दोन घरांचे तीन पिढ्यांचे बोलणे बंद होते. सबंध देशाच्या मोजणीसाठी रोवलेला असा एक दगड येथे उभा आहे, हे मुलांस दाखविण्यासारखे आहे.

संग्रहालय १८६३ सालचे आहे. लोक त्यास अजब बंगला म्हणतात. प्राचीन मूर्ती, शिलालेख, नाणी, शस्त्रे, पेंढा भरलेले पशुपक्षी व आदिवासी जीवनाच्या वस्तू, असे नाना प्रकार तेथे आहेत. सर्व दालने एका दमात पाहण्याचा हट्ट धरू नये. तीन दालने निवडून, ज्यास वाचता येते त्याने पाटी मोठ्याने वाचावी व इतरांनी ऐकावे. पाटी न वाचता पाहिलेले संग्रहालय म्हणजे पत्ता न वाचता टाकलेले पत्र.

दुसऱ्या दिवशी सकाळी महाराजबाग. हे भोसल्यांच्या वेळचे उद्यान असून आज तेथे प्राणिसंग्रहालय आहे. त्याची व्यवस्था डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे आहे. लगतच १९०६ साली स्थापन झालेले शेतकी महाविद्यालय आहे. ज्यांच्या घरी बारावीतील मुलगा वा मुलगी आहे, त्यांनी त्या फाटकाशी पाच मिनिटे उभे राहावे. तेथे शिकणारी मुले शेतकऱ्यांच्याच घरची असतात, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्यास मोल आहे.

दुपारी दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी लाखो अनुयायांसह येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेथील भव्य स्तूपाचे उद्घाटन १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते झाले. आमच्या वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानी आणावी. या घटनेच्या दोनच वर्षे आधी, १९५४ साली, बाबासाहेब लोकसभेच्या पोटनिवडणुकीस आपल्या भंडाऱ्यातून उभे होते व पराभूत झाले होते. आमच्या जिल्ह्यास जी संधी आली होती तिची ही आठवण आहे. स्तूपाच्या आत बोलू नये. मुलांस बाहेरच सर्व समजावून मग आत न्यावे.

सायंकाळी मेट्रोचा प्रवास करावा. ही गाडी मार्च २०१९ मध्ये सुरू झाली व डिसेंबर २०२२ मध्ये तिचा पहिला टप्पा पूर्ण झाला. पूर्व-पश्चिम मार्गाचे पूर्वेकडील टोक प्रजापतीनगर हे भंडारा मार्गाच्या बाजूस आहे. सीताबर्डीस दोन्ही मार्ग एकमेकांस मिळतात. कामठी मार्गाकडे जाताना गड्डीगोदाम येथे खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल व सर्वांत वर मेट्रो, अशी चार मजल्यांची वाहतूक एका जागी दिसते. सरकत्या जिन्यावर वृद्धांस एकदम चढवू नये, उद्वाहक शोधावा. परत येताना, चढ झेपत असेल त्यांनी रेल्वे स्थानकाजवळील टेकडीच्या गणपतीचे दर्शन घ्यावे.

तिसऱ्या दिवशी, २६ जानेवारी साधली असल्यास, सीताबर्डीचा किल्ला. नोव्हेंबर १८१७ मध्ये येथे अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली व ती आपण हरलो. १८५४ साली जे घडले त्याचे मूळ या टेकड्यांवर आहे. किल्ला बंद असेल तर मुलांस घेऊन गांधीसागर तलावासमोरील रामन विज्ञान केंद्रात जावे. १९९२ साली उघडलेले हे केंद्र बसस्थानकापासून जवळ असल्यामुळे निघण्याच्या दिवसास सोयीचे आहे. ज्यांचे नाव त्यास दिले आहे ते चंद्रशेखर वेंकट रामन नोबेल पारितोषिक मिळण्यापूर्वी सरकारी हिशेब खात्यात नोकरीस होते, व १९१० च्या सुमारास त्यांची बदली काही काळ नागपुरास झाली होती. कचेरीत हिशेब लिहिता लिहिता विज्ञान साधणाऱ्या माणसाची ही गोष्ट मुलांस अवश्य सांगावी.

जे कोणी दाखवीत नाही ते

आता एक स्थळ असे सांगतो की, ते कोणत्याही मार्गदर्शिकेत पाहण्यासारखे म्हणून दिलेले नसेल. ते म्हणजे नाग नदीवरील एखादा पूल. या नदीवरून शहरास नाव पडले. आज शहराच्या मध्यातून ती काळ्या पाण्याची गटार होऊन वाहते. पुलावर क्षणभर थांबावे व मुलांस विचारावे, हे पाणी पुढे कोठे जाते? नाग कन्हानेस मिळते, कन्हान आंभोऱ्याच्या संगमावर वैनगंगेस मिळते, आणि ते सर्व पाणी पवनीजवळच्या गोसेखुर्द धरणात येऊन साठते. १९८८ साली ज्या धरणाची पायाभरणी झाली, ज्याच्यासाठी आपल्या जिल्ह्यातील कितीतरी गावांनी घरेदारे सोडली, त्याच्या पाण्यात नागपूरचे सांडपाणी मिसळते. शहर हे आपल्यापासून दूर आहे असे ज्यास वाटते, त्याने हा पूल पाहावा. महाल, बाग व मेट्रो पाहून मनुष्य चकित होतो. या पुलावरून पाहिले म्हणजे तो विचारू लागतो. आमच्या मते सहलीचे अर्धे फळ त्यात आहे.

काय सोडावे

सहलीस कोणतेही काम जोडू नये. "जातोच आहोत तर डॉक्टरास दाखवून येऊ, वकिलास भेटून येऊ, पंपाचा भाग घेऊन येऊ," असे एकदा सुरू झाले की दोन दिवस रांगेत जातात व म्हातारी माणसे बाकावर बसून राहतात. शेतीचे प्रदर्शन पाहावयाचे असेल तर त्यासाठी निराळे जावे. नागपुरास २००९ पासून अॅग्रोव्हिजन या नावाचे मोठे प्रदर्शन भरत आले आहे, पण तो कर्त्या शेतकऱ्याचा वेगळा दिवस आहे. धानाच्या वाणांची माहिती पाहिजे असल्यास तर नागपुरास जाण्याचेही कारण नाही. साकोलीचे कृषी संशोधन केंद्र आपल्या दाराशी आहे.

खरेदीस एकच सायंकाळ द्यावी, व तीही शेवटच्या रात्रीची. जेवणात वृद्धांनी सावजी रस्सा जपून घ्यावा. त्याचा तिखटपणा आपल्या झाडीच्या जिभेसही जड जातो. संत्री मात्र पोटभर खावीत व थोडी शेजाऱ्यांसाठी आणावीत, कारण त्यांनी आपली म्हैस पिळली आहे.

शेवटचा शब्द

महसूल खात्यात असता वारस नोंदीचे कागद आमच्या हातून पुष्कळ गेले. मयताचे नाव, मृत्यूची तारीख, वारसांची नावे, एवढेच त्या रकान्यांत मावते. परंतु टेबलाशी उभा असलेला मुलगा अंगठा किंवा सही करून झाली की क्षणभर थांबत असे आणि काहीतरी बोलून जात असे. आईस पंढरपूर दाखवावयाचे राहिले, बाबांस रेल्वेत बसावयाचे होते, त्यांस एकदा नागपूर हिंडून पाहावयाचे होते. शेत राहिले, असे बोलताना आम्ही कोणास ऐकले नाही. शेत तर कागदावर होतेच. राहून गेलेल्या गोष्टींस कोणत्याही नमुन्यात रकाना नाही.

सबब आमची सभासद बंधुभगिनींस विनंती एवढीच की, या वर्षी मंडई संपण्यापूर्वी पाच-पाच घरांनी एकत्र बसावे, दोन तुकड्या पाडाव्यात, वृद्धांची नावे यादीच्या आरंभी लिहावीत, आणि दिनदर्शिकेत तीन दिवसांभोवती रेघ ओढावी. रोवणीचा दिवस ठरला म्हणजे आपण पावसातही थांबत नाही. तोच निश्चय या तीन दिवसांस लावावा. निघताना गोठ्याची किल्ली शेजाऱ्यास द्यावी, आणि आधारपत्रे व चिठ्ठ्या खिशात आहेत की नाहीत हे पुन्हा एकदा पाहून घ्यावे.